हरितगृह वायू, स्वच्छ ऊर्जा आणि कायदा : सातारा-सांगलीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीजबिल, सोलरचा करार, कुठल्या तरी कंपनीचं पत्र असे कागद घेऊन लोक सांगलीत माझ्याकडे येतात. कुणी तासगावहून, कुणी जतहून. पाटण आणि खटावातून फोन येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून ते एका जागी आणले आहेत. जिथे एक उत्तर दुसऱ्याशी जोडलेलं आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भारतात हवामान बदलाचा कायदा आहे का? असला तर त्याचं नाव काय?

त्या नावाचा एकच कायदा नाही. वेगवेगळ्या कामांसाठी केलेले तीन जुने कायदे आहेत आणि हे ओझं आता त्यांच्याच खांद्यावर आलं आहे. पहिला पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६, भोपाळच्या वायुकांडानंतर आलेला. दुसरा ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१, जो १ मार्च २००२ पासून लागू झाला. तिसरा विद्युत अधिनियम २००३. हरितगृह वायूंचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारख्या उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन आणि स्वच्छ ऊर्जा याबद्दल आज जे काही बंधनकारक आहे, ते बहुतेक या तिघांच्या पोटातून आलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात यावर बोट ठेवलं. राजस्थान-गुजरातमधल्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या उघड्या वीजवाहिन्यांना धडकून माळढोक मरतात, असा तो वाद होता. सोलापूरच्या नान्नजमुळे हा पक्षी आपल्यालाही ओळखीचा आहे. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो, असं न्यायालयाने त्यात मान्य केलं. या विषयाला एकच छत्री-कायदा नाही, याचीही नोंद घेतली. एकच कायदा नसल्याने कुठल्या कार्यालयाचं दार वाजवायचं हे शोधण्यातच सामान्य माणसाचा निम्मा वेळ जातो. माझ्याकडे लोक येतात तेही त्यामुळेच.

२. २०२२ ची दुरुस्ती म्हणतात, तिच्यात नेमकं काय बदललं?

ऊर्जा संवर्धन अधिनियमाची दुरुस्ती लोकसभेने ऑगस्ट २०२२ मध्ये आणि राज्यसभेने डिसेंबरात मंजूर केली. १ जानेवारी २०२३ पासून ती लागू आहे. तोवर हा कायदा 'वीज-इंधन जपून वापरा' एवढंच सांगत होता. आता तो 'कोणती ऊर्जा वापरता' हेही विचारतो.

केंद्राला कार्बन क्रेडिटचा बाजार उभा करण्याचा अधिकार मिळाला (प्र. ६). ठरावीक मोठ्या ग्राहकांनी कोळसा-तेल सोडून अन्य स्रोतांची काही टक्के ऊर्जा वापरलीच पाहिजे, हे बंधन आलं. वीज वितरण कंपन्या, स्वतःची वीज बनवणारे कारखाने आणि ओपन ॲक्सेसने, म्हणजे दुसऱ्याच्या प्रकल्पातून थेट वीज घेणारे (प्र. १६) यांच्यासाठी हा वाटा २०२४-२५ ला २९.९१ टक्के होता आणि २०२९-३० पर्यंत तो ४३.३३ टक्क्यांवर न्यायचा आहे. मोठ्या निवासी इमारती बांधकाम संहितेत आल्या (प्र. १७). वाहनं आणि जहाजंही कायद्याच्या कक्षेत आली.

३. कायदा, नियम, योजना, धोरण... आम्हाला सगळं 'शासनाचंच' वाटतं. फरक काय पडतो?

खूप पडतो. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

कायदा संसद किंवा विधिमंडळ करतं. तो बदलायचा तर पुन्हा सभागृहात जावं लागतं. नियम त्या कायद्याच्या कलमाखाली सरकार काढतं. तेही बंधनकारक असतात, पण राजपत्रातल्या एका अधिसूचनेने बदलतात. योजना म्हणजे तिजोरीतून ठरावीक मुदतीसाठी दिलेले पैसे. मुदत संपली, निधी संपला की योजना संपते आणि 'मला का नाही' म्हणून बहुधा भांडता येत नाही. धोरण म्हणजे सरकारने सांगितलेली दिशा. घोषणा तर नुसता शब्द असतो.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर कायदा म्हणजे स्वतःची विहीर, नियम म्हणजे पाट, तो वळवता येतो, आणि योजना म्हणजे पावसाळी ओढा. ओढ्याला पाणी आहे तोवर जरूर घ्यावं, पण त्याच्या भरवशावर ऊस लावू नये.

आता उदाहरणं बघा. १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या सोलरचा अर्ज तांत्रिक तपासणीसाठी अडवता येत नाही, हा नियम आहे (प्र. १०). त्याच सोलरचं ₹७८,००० अनुदान ही योजना आहे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे जेवढा वायू सुटेल तेवढा शोषलाही जाईल, ही पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला केलेली घोषणा आहे. त्या वर्षाचं बंधन घालणारं कलम कुठल्याही कायद्यात नाही.

कुणीही 'सरकारचं आहे, सही करा' म्हणालं तर एवढंच विचारा, "कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली?" समोरचा गडबडला तर कागद घरी आणा, वाचा, मग ठरवा.

४. २०३० पर्यंत भारत ४५ टक्के उत्सर्जन कमी करणार म्हणजे जवळजवळ निम्मा धूर बंद होणार ना?

नाही. हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आहे. ४५ टक्के घट आहे ती उत्सर्जनाच्या तीव्रतेत, म्हणजे देशाच्या उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयामागे किती वायू सुटतो त्यात, आणि तीही २००५ च्या तुलनेत.

समजा एका भट्टीत टनभर मालामागे २ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. वर्षाला १०० टन माल काढला तर २०० टन वायू. मालकाने भट्टी सुधारली, आता टनामागे दीड टनच सुटतो. पण धंदा वाढला, माल २०० टन झाला, म्हणजे वायू ३०० टन. तीव्रता २५ टक्क्यांनी घटली आणि एकूण वायू दीडपट झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. विकसनशील देशाला असं मोजमाप घेण्याचा हक्क आहे असं मला वाटतं. पण आपण काय कबूल केलं आहे ते लोकांना नीट कळायला हवं.

दुसरा आकडा ५० टक्क्यांचा. २०३० पर्यंत देशातल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायूशिवायची असेल, हे ते उद्दिष्ट. ते २०२५ च्या मध्यालाच गाठलं. पण क्षमता म्हणजे मोटर किती एचपीची, आणि निर्मिती म्हणजे पाणी प्रत्यक्ष किती आलं. सोलरची मोटर रात्री बंद असते. म्हणून क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांत कोळशाचा वाटा अजून निम्म्याहून बराच जास्त आहे.

५. शेतकऱ्यावर यातलं काही येणार का? म्हशींवर कर बसणार म्हणून गावात चर्चा आहे.

जनावरांवर कर नाही. कार्बन बाजारातली सक्ती (प्र. ६) उद्योगांवर आहे, शेतीवर नाही. मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याचा जो जागतिक संकल्प २०२१ मध्ये ग्लासगोला झाला, त्यावर भारताने सहीच केलेली नाही, कारण आपल्याकडचं मिथेन मुख्यतः भातशेती आणि जनावरांचं, म्हणजे लहान शेतकऱ्यांच्या पोटापाण्याचं आहे.

मात्र सक्ती नाही म्हणजे संबंध नाही असं नाही. युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड किलोला किलो धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो. वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात उसाला खताची पोती मोजून कोण टाकतं? आणि तोडणी झाली की पाचट पेटवायचं. पाचट कुट्टी करून सरीत कुजवलं तर पाणी वाचतं, सेंद्रिय कर्ब वाढतो. हे करायला कायद्याची वाट बघायची गरज नाही.

६. कार्बन क्रेडिट म्हणजे काय, अगदी सोप्या शब्दांत?

एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढाच परिणाम करणारा दुसरा वायू, हवेत जायचा टळला याचं एक प्रमाणपत्र.

प्र. २ मधल्या दुरुस्तीच्या आधारे केंद्राने २८ जून २०२३ ला कार्बन क्रेडिट व्यापार योजनेची अधिसूचना काढली. नावात 'योजना' असली तरी ही प्र. ३ मधल्या अर्थाची योजना नव्हे. तिला कायद्याचं बळ आहे. तिला दोन दारं आहेत. पहिलं सक्तीचं. सरकार कारखान्याला टनामागे किती उत्सर्जन चालेल ते ठरवून देतं. त्यापेक्षा कमी केलं तर प्रमाणपत्रं मिळतात, जास्त केलं तर विकत घ्यावी लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागद या चार उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना अशी लक्ष्यं मिळाली. पायाभूत वर्ष २०२३-२४ धरलं आहे. दुसरं दार ऐच्छिक. ज्यांच्यावर सक्ती नाही, तेही प्रकल्प नोंदवून प्रमाणपत्र मिळवू शकतात. ते डिसेंबर २०२३ च्या दुरुस्तीने उघडलं.

कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे, नोंदवही ग्रिड इंडियाकडे आणि व्यापारावर देखरेख केंद्रीय विद्युत नियामक आयोगाची.

७. आमचा साखर कारखाना बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज करतो. त्याला क्रेडिट मिळतं का? आणि मिळालं तर उसाला दर वाढेल का?

गळीत हंगाम जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदी रास्त आहे.

'साखर' हे नाव २००१ च्या कायद्याच्या अनुसूचीत पहिल्यापासून आहे, म्हणजे सरकार उद्या या उद्योगावर बंधनं आणू शकतं. पण प्र. ६ मधल्या पहिल्या चार उद्योगांत साखर नाही. राहिलं ऐच्छिक दार. बगॅस जाळताना निघणारा कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो हिशेबात शून्य धरतात. इथपर्यंत कारखान्याच्या बाजूचं आहे. अडचण पुढे आहे. क्रेडिटच्या पैशाशिवाय जे झालंच असतं किंवा आधीपासून चालूच आहे, त्याला क्रेडिट देत नाहीत. जगभर हेच तत्त्व आहे. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या को-जनला, म्हणजे बगॅसच्या वीजप्रकल्पाला, आज नव्याने क्रेडिट मिळेल असं कुणी सभेत सांगितलं तर पुरावा मागा.

प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून बायोगॅस हा जास्त आशेचा धागा आहे. शहरी गॅस कंपन्यांनी सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये २०२५-२६ पासून १ टक्का, मग ३, ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के बायोगॅस मिसळायचा आहे. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं आहे.

आता दराचं. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरते ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे. त्यात उत्पादन खर्च, उतारा, साखरेचा भाव यांसोबत मळी, बगॅस आणि प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नाचा विचार करायचा असतो. कार्बन क्रेडिट त्या यादीत नाही. कारखान्याला उद्या असे पैसे मिळाले तर त्यातला वाटा उसाला आपोआप येणार नाही. ज्या उसाने तो कार्बन हवेतून ओढला तो शेतकऱ्याचा आहे, म्हणून हा मुद्दा वार्षिक सभेत आत्ताच मांडावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यावा. पैसे आल्यावर मांडलेला मुद्दा फारसा कुणी ऐकत नाही.

८. एक जण आला होता. बांधावर झाडं, बांबू लावा, कार्बन क्रेडिटचे पैसे दरवर्षी खात्यात येतील म्हणाला. सातबारा आणि सही मागतोय. द्यावी का?

लगेच देऊ नका. मी झाडांच्या विरोधात नाही. खानापूर-आटपाडीच्या माळावर बांधाला झाड असावं असं मला मनापासून वाटतं. प्रश्न करारनाम्याचा आहे.

माझ्या नात्यातल्या एकाने असाच करार केला. तीस वर्षांचा आणि इंग्रजीत. चार वर्षांनी त्या तुकड्यात द्राक्षबाग करायची ठरवली, तेव्हा कळलं की जमिनीचा वापर बदलण्याआधी कंपनीची लेखी परवानगी हवी. तोवर हातात एक रुपयाही आला नव्हता. त्यात बेकायदा काही नव्हतं, कागदावर सगळं लिहिलेलं होतं. वाचलं मात्र कुणीच नव्हतं.

म्हणून सहीआधी या गोष्टी मराठीत लिहून मागा. क्रेडिटची मालकी कुणाची? करार किती वर्षांचा आणि मधेच बाहेर पडता येतं का? मोजणी आणि पडताळणीचा खर्च आधी वजा होणार की नंतर? क्रेडिट विकल्यावर विक्रीची पावती शेतकऱ्याला दाखवणार का? वणवा लागला, दुष्काळात झाडं वाळली, तर भरपाई कुणी कुणाला द्यायची? वारसांवर करार बांधील राहतो का? शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि पुढे भावाभावांत तोच पेटतो.

आणखी एक विचारा, क्रेडिट कोणत्या बाजारात विकणार? प्र. ६ मधल्या भारतीय योजनेत की परदेशी ऐच्छिक बाजारात? आज शेतीत फिरणारे बहुतेक प्रस्ताव दुसऱ्या प्रकारचे असतात. ते बेकायदा नाहीत. कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडाही काढला. पण आराखडा म्हणजे हमी नव्हे.

तोडणीचं वेगळं बघा. काही जातींची झाडं स्वतःच्या रानात असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ प्रमाणे परवानगी लागते. बांबूची गोष्ट निराळी. भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून तो २०१७ मध्ये वगळला गेला.

९. ग्रीन क्रेडिट आणि कार्बन क्रेडिट एकच ना?

नाही. ग्रीन क्रेडिटचे नियम ऑक्टोबर २०२३ चे, पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालचे. ते वृक्षारोपणासारख्या कामासाठी असतात आणि त्यात टनांचा हिशेब नसतो. कुणी दोन्ही शब्द एकाच वाक्यात मिसळत असेल तर प्र. ८ पुन्हा वाचा.

१०. छतावर सोलर बसवायचं आहे. वीज कंपनी नाही म्हणू शकते का?

वीजग्राहक हक्क नियम २०२० मध्ये आले. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे १० किलोवॉटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक व्यवहार्यता न तपासता मान्य झाल्याचं धरलं जातं. तुमचा मंजूर भार कमी पडत असेल तर तो वाढवून घ्यायचा असतो. १० किलोवॉटपेक्षा मोठ्या संचाची तपासणी १५ दिवसांत व्हायला हवी, आधी ही मुदत २० दिवस होती. तेव्हा 'डीपीवर जागा नाही' हे उत्तर घरगुती संचाला चालत नाही. तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा.

अनुदान पंतप्रधान सूर्यघर योजनेतून मिळतं. पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ₹३०,०००, तिसऱ्याला ₹१८,०००. म्हणून ३ किलोवॉट आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी ₹७८,००० च. पॅनेल देशी बनावटीचं हवं. परदेशी पॅनेल स्वस्त पडतं म्हणून बसवलं आणि अनुदान गेलं, अशी दोन-तीन घरं मी पाहिली आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनं कोटेशन दाखवलं तर नवं मागा.

३ किलोवॉटचा संच आपल्या भागात दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास वीज देतो. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे वर्षाला साधारण ३ टन टळतात.

११. फ्लॅटमध्ये राहतो, छत सोसायटीचं आहे. मग आम्ही काय करायचं?

सोसायटीने ठराव करून लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी संच बसवावा. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना किलोवॉटला ₹१८,००० मिळतात, कमाल ५०० किलोवॉटपर्यंत. ठराव नीट लिहिलेला नसेल तर अर्ज तिथेच अडतो.

१२. शेतीची वीज फुकट आहे, मग सौर पंप कशाला घ्यायचा?

फुकट वीज ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना आहे आणि ती एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ एवढ्याच मुदतीची आहे. म्हणजे योजना, प्र. ३ मधला ओढा. पुढचं आत्ता धरून चालू नका.

ज्यांच्याकडे वीजजोडणीच नाही त्यांच्यासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आहे. केंद्राच्या कुसुम योजनेचा पैसा त्यात येतो. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरायचे. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे ७.५.

ज्यांच्याकडे जोडणी आहे, त्यांना सौर कृषी वाहिनीचा फायदा असा की गावाजवळच्या सौर प्रकल्पातून फिडरला दिवसा वीज मिळते. रात्री अडीचला बॅटरी घेऊन बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला गेलेल्या माणसाला याची किंमत सांगावी लागत नाही. प्रकल्पाला जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला ₹१,२५,००० आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असं त्या योजनेत आहे. पडीक जमिनीला हे चांगलं उत्पन्न आहे.

एक काळजी मात्र बोलून दाखवतो. सौर पंपाला बिल नाही, म्हणजे उपसा थांबवायला कारणही उरत नाही. जत, माण, खटावात बोअर कुठवर गेलेत ते सगळ्यांना माहीत आहे. सौर पंप घ्या, पण ठिबकसकट घ्या.

१३. पवनचक्क्या आमच्या डोंगरावर, वारा आमचा. मग आमचं बिल स्वस्त का नाही?

वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरच्या बाजूने हा प्रश्न वर्षानुवर्षं येतो. ढालगावकडूनही येतो. विचारणाऱ्याच्या आवाजातला राग मला पटतो.

कायद्याचं उत्तर असं. पवनचक्कीची वीज जवळच्या उपकेंद्रात जाऊन ग्रिडमध्ये मिसळते. मालक ती करारानुसार वितरण कंपनीला विकतो किंवा विद्युत अधिनियमातल्या सोयीने दूरच्या कारखान्यात स्वतःसाठी वापरतो. ग्राहकाचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि एका कंपनीच्या एकाच वर्गातल्या ग्राहकांना तो सगळीकडे सारखा असतो. शिवाय इथला वारा मुख्यतः पावसाळ्यातला. जून ते सप्टेंबर पाती जोरात फिरतात, उन्हाळ्यात गावाला विजेची गरज असते तेव्हा ती मंद असतात.

न्यायाचं उत्तर वेगळं आहे. मोठ्या जलविद्युत प्रकल्पांसाठी केंद्राच्या २००८ च्या धोरणात यजमान राज्याला १२ टक्के मोफत वीज आणि स्थानिक विकासासाठी आणखी १ टक्का अशी सोय आहे. वाऱ्यासाठी असं काही नाही. १९९० च्या दशकाअखेर पठारावर जमिनी गेल्या तेव्हा फार थोड्या लोकांना त्यांची पुढची किंमत कळली होती. वाऱ्यालाही तोच नियम हवा, असं माझं ठाम मत आहे.

१४. जुन्या पवनचक्क्यांची मुदत संपली की त्या काढणार का? जमीन परत मिळेल?

केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये धोरण काढलं. २ मेगावॉटपेक्षा लहान किंवा आयुष्य संपलेल्या पवनचक्क्यांच्या जागी मोठ्या बसवता येतील, किंवा आहेत त्याच दुरुस्त करून पुढे चालवता येतील. साताऱ्यातल्या पहिल्या पिढीच्या बहुतेक चक्क्या यात बसतात. जमीन विकलेली असेल तर परत मिळत नाही. भाड्याने दिली असेल तर जुना करार काढा आणि मुदत बघा. नवी मोठी चक्की म्हणजे नवा पाया, नवा रस्ता, मोठी क्रेन. भाड्याबद्दल पुन्हा बोलायची वेळ तीच आहे.

जंगलाचंही विचारतात. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या यादीत पवनऊर्जा नाही. पण वनजमीन असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी लागतेच. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या हद्दीचे निर्बंध आणखी वेगळे. स्वच्छ ऊर्जेचा प्रकल्प आहे म्हणून वनकायद्यातून सूट मिळत नाही.

१५. कोयनेची वीज नवीकरणीय धरतात का?

नदी कुणाच्याही हिशेबाने नवीकरणीयच आहे, पण सरकारी व्याख्येत बराच काळ २५ मेगावॉटपर्यंतचे जलविद्युत प्रकल्पच त्या नावाने ओळखले जात. कोयना १,९६० मेगावॉटची. मार्च २०१९ मध्ये केंद्राने मोठ्या जलविद्युतलाही नवीकरणीय मानलं. प्र. ४ मधल्या ५० टक्क्यांच्या उद्दिष्टात कोयना धरली जाते, कारण तिथे अट फक्त कोळसा-तेल-वायू नसण्याची आहे.

१६. कुपवाडला आमची फाउंड्री आहे. आम्हाला काय लागू होतं?

लहान फाउंड्रीला आज उत्सर्जनाचं लक्ष्य नाही. पण दोन गोष्टी बघा.

एक, हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियम जून २०२२ चे. आधी १ मेगावॉटची अट होती, ती १०० किलोवॉटवर आली. त्यामुळे मध्यम कारखानाही दूरच्या सौर किंवा पवन प्रकल्पातून थेट वीज घेऊ शकतो. मात्र तसं केलंत की प्र. २ मधलं टक्केवारीचं बंधन तुमच्यावरही येतं. वहन आकार आणि अधिभार धरूनच हिशेब करा, नुसत्या युनिटच्या दराला भुलू नका.

दुसरं, युरोप. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम अशा मालावर युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष सुरू झाली. तुमचं कास्टिंग कोणत्या सीमाशुल्क कोडात जातं यावर सगळं अवलंबून आहे. यंत्रभाग किंवा वाहनभाग म्हणून जाणारा माल सुरुवातीच्या यादीत नाही, पाइप फिटिंग आहे. यादी वाढू शकते, म्हणून कोक आणि विजेची महिनावार नोंद आजपासून ठेवा. पुढे गिऱ्हाईक हाच कागद मागणार आहे.

१७. मंगल कार्यालय किंवा हॉस्पिटल बांधताना काही वेगळं?

जोडलेला भार १०० किलोवॉट किंवा करारित मागणी १२० केव्हीएच्या पुढे असेल तर ऊर्जा संवर्धन बांधकाम संहितेचा विचार करावा लागतो. राज्य ही मर्यादा खाली आणू शकतं. नकाशा मंजुरीआधी वास्तुविशारदाला हा प्रश्न विचारा.

१८. नियम मोडला तर शिक्षा काय? तुरुंग आहे का?

ऊर्जा संवर्धन अधिनियमात तुरुंग नाही. दंड ₹१० लाखांपर्यंत, चूक चालूच राहिली तर दिवसाला आणखी ₹१०,००० पर्यंत. प्र. ६ मधलं लक्ष्य चुकलं आणि प्रमाणपत्रंही घेतली नाहीत, तर प्रमाणपत्राच्या सरासरी भावाच्या दुप्पट पर्यावरण भरपाई, आणि ती आकारतं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमात पूर्वी तुरुंगवास होता. १ एप्रिल २०२४ पासून त्याजागी ₹१०,००० ते ₹१५ लाख दंड आला.

१९. इथेनॉल जर देशाचं धोरण आहे, तर डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसावर अचानक बंदी कशी आली?

कारण ते धोरण आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०२२ ला बदल करून २० टक्के मिश्रणाचं वर्ष २०२५-२६ वर आणलं. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. मग साखर कमी पडेल या भीतीने ७ डिसेंबर २०२३ ला सरकारने रस आणि सिरपपासून इथेनॉल करायला मनाई केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी ती उठवली. मनाईचा आदेश निघाला साखर (नियंत्रण) आदेश १९६६ मधल्या अधिकारातून, म्हणजे बंधनकारक तरतुदीतून. धोरणाला तिच्यापुढे उभं राहता आलं नाही. कर्जाचे हप्ते मात्र कुणाच्या आदेशाने थांबले नाहीत. प्र. ३ मी एवढा लांबवला तो यासाठी.

२०. तक्रार कुठे करायची?

वीजजोडणी, नेट मीटर, बिल यांसाठी आधी वीज कंपनीकडे लेखी अर्ज आणि त्याची पोच. मग विद्युत अधिनियमाच्या कलम ४२ खालचा ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि तिथे समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. वकील लागतोच असं नाही, स्वतः बोलता येतं. सोलर बसवणाऱ्या खासगी ठेकेदाराने फसवलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. प्र. ८ सारख्या करारात फसवणूक झाली असेल तर पोलीस ठाणं आणि दिवाणी न्यायालय.

येताना मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स आणा. पोच नसलेला अर्ज असेल तर आधी नवा अर्ज द्या, त्यावर तारखेचा शिक्का घ्या आणि मग या.